चिठ्ठी जुन्या मालकाच्या पत्त्यावर

नागपूरच्या व्हरायटी चौकात माझ्या धाकट्या बहिणीची गाडी सिग्नलला थांबारेषेच्या जराशी पुढे गेली, तर संध्याकाळच्या आत तिच्या मोबाइलवर ई-चलान आलं. गाडीचा फोटो, वेळ, ठिकाण, दंडाची रक्कम, सगळं अचूक. गाडी तिने जुनी घेतलेली. पण आरसीवर तिचं नाव चढलेलं होतं, नंबर जोडलेला होता, त्यामुळे यंत्रणेला ती लगेच सापडली. त्याच गाडीच्या फ्युएल पंपात दोष आहे, चालत्या गाडीचं इंजिन बंद पडू शकतं, गाडी आणा, पंप मोफत बदलून देतो, असं कंपनीने तिने गाडी घेण्याच्या आधीच जाहीर केलं होतं. ते मात्र तिला कोणीच कळवलं नाही.

दंड वसूल करायचा असला की गाडीचा आजचा मालक सापडतो आणि जीव वाचवायचा असला की कैक वर्षांपूर्वीचा पहिला मालक शोधला जातो, हे मला मान्य नाही. रिकॉलची, म्हणजे कंपनीने सदोष गाड्या परत बोलावल्याची, बातमी पेपरात येते, आकडा मोठा असतो, आपण चहा पिता पिता वाचतो आणि पान उलटतो. ज्यांच्या अंगणात ती गाडी उभी आहे त्यांच्यापर्यंत ती बातमी पोचली का, हे कुणी विचारत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

बहीण मानेवाड्याला राहते आणि नोकरीला हिंगणा एमआयडीसीत जाते. मे महिन्यातली दुपार होती. शाळेला सुट्टी म्हणून भाचीही सोबत होती. आउटर रिंग रोडवर जामठा मागे पडला आणि गाडीने एक हलका गचका खाल्ला. मग इंजिनाचा आवाजच गेला. एसीचा वारा गरम झाला, मीटरवर दिव्यांची रांग पेटली, स्टिअरिंग एकदम जड झालं. ब्रेक पहिल्या दाबाला नीट लागला, दुसऱ्या दाबाला पेडल दगडासारखं घट्ट. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी एक-दोन दाबांपुरतीच उरते, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असण्याचं कारणही नव्हतं. मागे सिमेंटचा ट्रक होता. त्या ड्रायव्हरने वेळीच बाजू घेतली आणि हॉर्न दाबून धरत तो पुढे निघून गेला. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढून गाडी कशीबशी डाव्या कडेला लावली. मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. "ताई, गाडी बंद पडली" एवढंच तिने दोन-तीनदा सांगितलं.

त्याआधीचे काही महिने गाडीची कुरबुर चालूच होती. सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागायचा, मध्येच पिकअप जायचा, उड्डाणपुलावर चढताना झटके बसायचे. कुणी बॅटरी बदलायला लावली, कुणी प्लग बदलले, कुणी इंजेक्टर साफ करून बिल हातात दिलं. ऑफिसात सगळ्यांचं एकमत होतं की इथेनॉलचं पेट्रोल बाधतंय. हल्ली गाडीचं काहीही बिघडलं की वीस टक्के इथेनॉलवर बोट ठेवलं जातं. त्या पेट्रोलविषयी लोकांच्या शंका आहेत आणि त्यांची उत्तरं त्यांना मिळायलाच हवीत. पण एक तयार उत्तर समोर असलं की खरं कारण शोधायचं राहून जातं. इथे तेच झालं.

खरं कारण सापडलं ते आमच्या नेहमीच्या मेकॅनिकभाऊंना. गाडी टो करून त्यांच्या शेडमध्ये आणली. त्यांनी मागच्या सीटची गादी उचलली, खालचा गालिचा सारला, चार स्क्रू काढून पत्र्याचं गोल झाकण बाजूला केलं. पेट्रोलचा भपकारा आला. पाइपांचे लॉक हळूच दाबून त्यांनी टाकीतून पंपाचं अख्खं घर वर काढलं, पेट्रोल निथळू दिलं आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठेवलं. पंप खोलल्यावर आत रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी, कडेला बारीक दाते असलेली प्लास्टिकची चकती होती. ही चकती गरगर फिरते आणि पेट्रोल पुढे ढकलते. त्यांनी ती बोटाने फिरवून पाहिली. ती अडली. कडेला घासल्याची चकचकीत रेघ दिसत होती.

"पावसाळ्यात लाकडाचं दार फुगते अन् चौकटीत अडकते नं, तसंच होते हे," ते म्हणाले. "चकती पेट्रोल पिऊन फुगते. गरम झाली का अडकते. थंडी झाली का पुन्हा फिरते. म्हणून तुमाले वाटे का गाडी आपोआप सुधरली." मग त्यांनी आरसीचा फोटो मागितला, चेसिस नंबर मोबाइलवर टाकला आणि माझ्याकडे पाहत म्हणाले, "ताई, ह्या गाडीचा पंप तं कंपनीच फुकटात बदलवून देऊन राहिली होती. तुमाले कोनी सांगतलं नाई काय?"

पंपातला हा दोष काही एका गाडीपुरता नाही. कमी घनतेच्या प्लास्टिकची चकती, ती इंधन शोषून फुगते, तिला तडे जातात आणि पंप बंद पडतो, या कारणाने जगभरात अनेक कंपन्यांनी लाखो गाड्या परत बोलावल्या. आपल्याकडे २०२० साली फ्युएल पंपासाठीच होंडाने ६५ हजारांहून अधिक आणि मारुतीने वॅगन आर आणि बलेनो मिळून १ लाख ३४ हजारांहून अधिक गाड्या बोलावल्या होत्या. पुढे २०२४ मध्ये होंडाने पुन्हा ९० हजारांच्या वर गाड्या पंपासाठीच बोलावल्या. दोष सापडणं आणि तो जाहीर करणं यात मला कमीपणा वाटत नाही. हजारो सुट्या भागांची वस्तू लाखांच्या संख्येने बनते, तिथे चूक होणार. जी कंपनी उघडपणे सांगते तिच्यावर माझा विश्वास वाढतो. आपल्या लोकांनीही रिकॉल म्हटलं की "गाडी खराब निघाली, आता विकताना भाव पडेल" असं म्हणून ते लपवणं सोडलं पाहिजे. माझी तक्रार जाहीर केल्यानंतरच्या टप्प्याची आहे.

सर्व्हिस सेंटरला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने चेसिस नंबर टाकला आणि सहजपणे म्हणाला, "हो मॅडम, कॅम्पेन ओपन आहे." त्यांच्या भाषेत रिकॉलला कॅम्पेन म्हणतात. दुपारपर्यंत पंप बदलून मिळाला, एक पैसाही लागला नाही. कळवलं का नाही, असं विचारलं तर उत्तर मिळालं की ग्राहकाला पत्र आणि मेसेज दोन्ही पाठवले होते. ग्राहक म्हणजे पहिला मालक. तो नागपूर सोडून गेलेला, त्याचा नंबर बदललेला. त्याला तरी कसा दोष द्यायचा? त्याने गाडी रीतसर विकली, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, आरटीओत नाव बदललं. सरकारदरबारी त्याचा त्या गाडीशी संबंध संपला. कंपनीच्या वहीत मात्र तो अजून मालक आहे.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो ते मी नंतर वाचून काढलं. अमेरिकेत गाड्यांच्या सुरक्षेचा आणि दोष जाहीर करण्याचा केंद्रीय कायदा १९६६ सालचा. आपल्याकडे २०१२ पर्यंत काहीच नव्हतं. त्या वर्षी वाहन उत्पादकांच्या संघटनेने, सियामने, स्वेच्छेने पाळायची एक आचारसंहिता आणली. सक्ती आली ती २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने. तो संसदेत मांडणारे मंत्री आपल्या नागपूरचेच खासदार, नितीन गडकरी. त्या दुरुस्तीतलं कलम ११०-अ मला फार महत्त्वाचं वाटतं. गाडीतल्या दोषामुळे चालकाला, आत बसलेल्यांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका असेल तर केंद्र सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्या, चाचणी संस्थेने कळवलं किंवा आणखी कुठून माहिती मिळाली, तरी चालतं. मग कंपनीने गाडीची पूर्ण किंमत परत द्यायची, किंवा तशीच अथवा तिच्याहून सरस गाडी बदलून द्यायची, किंवा दुरुस्त करून द्यायची. कंपनीला स्वतःला दोष कळला तर तिने सरकारला कळवून आपणहून रिकॉल सुरू करायचा. तसं केलं तर दंड नाही. नियम २०२१ च्या मार्चमध्ये आले आणि १ एप्रिलपासून लागू झाले. सक्तीच्या रिकॉलसाठी गाडीचा प्रकार आणि संख्या पाहून १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड त्यात ठरवला आहे. कायद्यातलं हे प्रकरणच धाब्यावर बसवणाऱ्या उत्पादकाला कलम १८२-अ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा १०० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. मालकाला आपली तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवर रिकॉलच्या विभागात नोंदवता येते. ती जरूर नोंदवावी. तक्रारींची संख्या भरल्याशिवाय त्या बाजूने चाक हलत नाही, आणि आपण बहुतेक जण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर भांडून घरी येतो.

पण याच नियमांत एक अट आहे आणि तिथे मी अडखळले. सरकारच्या आदेशाने होणारा रिकॉल सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांनाच लागू आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे अर्ध्याहून अधिक आयुष्य गाडी रस्त्यावर कायदेशीरपणे धावते, तिचा रोड टॅक्स भरलेला असतो, विमा, पीयूसी सगळं चालू असतं, आणि त्या काळात रिकॉलचं सक्तीचं छत्र तिच्यावर नसतं. सात वर्षांनंतरची गाडी बहुतेक वेळा कोणाकडे असते? पहिल्यांदा गाडी घेणाऱ्या नोकरदार मुलीकडे, स्कूटरवर चौघं बसवून कंटाळलेल्या कुटुंबाकडे, सावनेर-काटोलकडच्या एखाद्या लहान दुकानदाराकडे. देशात आता नव्यापेक्षा जुन्या गाड्यांची विक्री जास्त होते. ज्याच्याकडे पैसा कमी त्याची सुरक्षितताही कमी, असं कुणी ठरवून केलेलं नसेल, पण नियमाचा परिणाम तोच होतो. आणि काही दोष असे असतात की ते गाडी जुनी झाल्यावरच जीवघेणे होतात.

टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगांचं उदाहरण यासाठीच लक्षात ठेवावं. एअरबॅग क्षणार्धात फुगवायला धातूच्या लहान डब्यात रसायन पेटवतात. टाकाटाने अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षांचा उष्मा आणि दमट हवा यांनी ते रसायन बदलत जातं. मग टक्कर झाली की ते हवं त्यापेक्षा वेगाने पेटतं, डबा फुटतो आणि धातूचे तुकडे थेट माणसाच्या मानेवर, चेहऱ्यावर येतात. एकट्या अमेरिकेत यामुळे २५ हून अधिक माणसं गेली. तिथे सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगा परत बोलावाव्या लागल्या. कंपनीने गुन्हा कबूल केला आणि २०१७ मध्ये तिचं दिवाळं निघालं. भारतातही होंडाने २०१६ मध्ये १ लाख ९० हजारांहून अधिक गाड्या याच कारणासाठी बोलावल्या होत्या.

आता हा दोष नागपुरात ठेवून पाहा. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं, दार उघडल्यावर स्टिअरिंगला हात लावता येत नाही. जूनच्या शेवटी पाऊस लागला की तीच गाडी चार महिने दमट हवेत. हिवाळ्यात पहाटे आठ-दहा अंश. अशी आठ-दहा वर्षं काढलेल्या गाडीची एअरबॅग आतून कशी झाली असेल, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. गाडी मस्त चालते, एसी गार करतो, मायलेज बरं देते. म्हणजे "गाडी चांगली चालून राहिली, काऊन हात लावाचा?" या आपल्या आवडत्या वाक्याला इथे काही अर्थ उरत नाही.

निरोप पोचूनही काम न झाल्याने काय होतं, याची एक घटना मी विसरू शकत नाही. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात दोन तरुण बहिणींनी भाड्याने गाडी घेतली. त्या गाडीच्या पॉवर स्टिअरिंगच्या पाइपमधून तेल गळून आग लागू शकते म्हणून रिकॉल निघालेला होता आणि भाड्याच्या कंपनीला तो माहीत होता. तरी दुरुस्ती न करता गाडी दिली गेली. दोघी गेल्या. त्यांची आई अकरा वर्षं झगडली, तेव्हा २०१५ च्या शेवटी अमेरिकेत कायदा झाला की मोठ्या ताफ्याच्या भाडे कंपन्यांनी रिकॉलचं काम झाल्याशिवाय गाडी भाड्याने द्यायची नाही. त्याच अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या विक्रीवर असं केंद्रीय बंधन आजही नाही. म्हणजे प्रगत देशांतही दुसऱ्या मालकाचा विचार शेवटी होतो. जर्मनीने मात्र वेगळा रस्ता धरला. तिथलं वाहन खातं आपल्या नोंदीतून आजच्या मालकांचे पत्ते काढून देतं, आणि गंभीर दोषाची दुरुस्ती वारंवार कळवूनही केली नाही तर ती गाडी रस्त्यावर आणायलाच मनाई होऊ शकते.

आपल्याकडे हे जमण्यासारखं नाही का? वाहन पोर्टलवर प्रत्येक गाडीचा चेसिस नंबर आहे, आजच्या मालकाचं नाव आणि मोबाइल आहे. चलान त्यावरूनच येतं. कंपनीकडे सदोष गाड्यांच्या चेसिस नंबरांची यादी आहे. या दोन याद्या समोरासमोर ठेवल्या की काम झालं. मालकाची माहिती कंपनीच्या हाती द्यायला नको असेल तर सरकारने स्वतः मेसेज पाठवावा, चलानाचा पाठवतं तसाच. नाव बदलताना फॉर्म ३० स्वीकारण्याआधी पडद्यावर दिसावं की या गाडीचं रिकॉलचं काम बाकी आहे. दर वर्षी पीयूसी काढायला आपण जातोच, तिथेही दिसावं. कारबाजारवाल्याने गाडी विकताना हे लेखी द्यावं. नवीन कार्यालय नको, नवीन कर्मचारी नकोत. ज्या शहराकडे देशाच्या रस्ते वाहतुकीचं मंत्रिपद दशकभराहून अधिक काळ आहे, तिथल्या लोकांनी हे मागायला संकोच कसला?

हे होईपर्यंत ज्याचं त्यालाच पाहावं लागणार. चेसिस नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, म्हणजे १ आणि ० शी घोटाळा होत नाही. आरसीवर तो छापलेला असतोच, पण गाडीवर कोरलेलाही पाहून घ्यावा. पुष्कळ गाड्यांत पुढच्या सीटखाली गालिच्याला एक कापलेली झडप असते, ती उचलली की पत्र्यावर दिसतो. आरटीओबाहेरचे एजंट त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात, तोच नंबर. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर तो टाकला की रिकॉल बाकी आहे का ते कळतं. वॉरंटी संपली असो, गाडी कितव्या हाताची असो, जाहीर झालेल्या रिकॉलचं काम फुकट व्हायला हवं. कुणी पैसे मागितले तर लेखी मागा म्हणावं. आणि काम झाल्यावर जॉबकार्डवर रिकॉलचा उल्लेख करून घ्यावा, नुसतं "जनरल चेकअप" लिहिलेलं घेऊ नये. तोंडी बोलण्याला पुढे काडीची किंमत राहत नाही.

रिकॉल निघालेलाच नसेल आणि गाडी सदोष असेल तर? अमेरिकेत वारंवार बिघडणाऱ्या नव्या गाडीसाठी राज्याराज्यांचे खास कायदे आहेत. कनेक्टिकटने १९८२ मध्ये तसा पहिला केला. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही, पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पुष्कळ बळकट आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय चेन्नईला असो की गुरुग्रामला. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. ५ लाखांपर्यंत शुल्कच नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते, हे मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवावं, कारण सर्व्हिस सेंटरच्या "बघतो, कळवतो" मध्ये दोन वर्षं सहज जातात.

याच कायद्यात उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष वस्तूमुळे कुणाला इजा झाली, जीव गेला, दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा या सगळ्यांवर दावा करता येतो. पुरेशी सूचना किंवा धोक्याचा इशारा न देणं हेही त्यात उत्पादकाच्या जबाबदारीत धरलं आहे. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू बाजारातून परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार आहे.

न्यायालयं काय म्हणतात? दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सदोष भाग बदलून देता येत असेल तर सबंध गाडी बदलून मागता येत नाही. त्यामुळे क्लचची तक्रार घेऊन नवी गाडी मागायला गेलात तर हाती फार काही लागणार नाही. दुसरा निकाल एप्रिल २०२२ चा, ह्युंदाईच्या क्रेटाचा. समोरून जोराची धडक बसली आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. कंपनी म्हणाली, धडकेचा जोर पुरेसा नव्हता. न्यायालयाने सांगितलं की ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, वेग आणि बलाची गणितं मांडून तो एअरबॅगची अपेक्षा करत नाही. गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. सुरक्षेच्या वस्तूकडून सामान्य माणूस काय अपेक्षा ठेवतो, हे मोजमाप या निकालात धरलं गेलं, आणि मला ते न्याय्य वाटतं. मात्र दरवेळी गोष्ट इतकी उघड नसते. दोष डोळ्यांना दिसणारा नसेल तर आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो. म्हणून वादाचा भाग मेकॅनिककडे टाकून देऊ नये. बहिणीचा पंप बदलला त्या दिवशी सर्व्हिस सेंटरने जुना पंप कंपनीला पाठवायचा आहे म्हणून ठेवून घेतला. पण मेकॅनिकभाऊंनी शेडमध्येच त्या चकतीचे फोटो आणि ती अडकतानाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवला होता. टोइंगची पावती, बॅटरीचं, प्लगचं, इंजेक्टरचं बिल, सगळं बहिणीने एका फाइलीत लावलं.

त्या बिलांचे पैसे कंपनीने द्यावेत असं आम्ही आधी ईमेलने मागितलं. उत्तर आलं की रिकॉलची सूचना "नोंदणीकृत ग्राहकाला" वेळेवर पाठवली होती, सबब कंपनी जबाबदार नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तिथेही कंपनीने तेच वाक्य पाठवलं. म्हणून सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पैसा मोठा नाही. बहीण म्हणाली, "ताई, मागे बसलेली पोर आठवली की मला ते सोडवत नाही." तक्रारीत तिने खर्चाबरोबर आणखी एक मागणी लिहिली आहे: वाहन नोंदणीत आज ज्यांची नावं आहेत अशा सगळ्या मालकांना कंपनीने या दोषाची सूचना पुन्हा पाठवावी, आणि तिने ती पाठवल्याचं आयोगाला दाखवावं.

वकील मैत्रिणीचं म्हणणं आहे की पैशाचा भाग मान्य होईल, दुसऱ्या मागणीचं सांगता येत नाही, कारण वैयक्तिक तक्रारीत असा व्यापक आदेश आयोग देईलच असं नाही. तरी ती काढायची नाही, असं आम्ही ठरवलं. उत्तर द्यायला कायद्याने कंपनीला ३० दिवस आहेत, फार तर आणखी १५. पहिल्या तारखेला कंपनीच्या वकिलाने मुदत मागितली आणि ती मिळाली. पुढच्या तारखेपर्यंत त्यांना सांगायचं आहे की सदोष पंपाच्या किती गाड्यांचं काम आजवर झालं आणि किती गाड्या अजून तशाच फिरत आहेत. हा प्रश्न आम्ही लेखी विचारला आहे आणि त्याचं उत्तर आकड्यात मागितलं आहे.